टाकीत माणूस उतरवणारा कोण?

२०२४ च्या गुढीपाडव्याच्या दिवशी नेवासे तालुक्यातील वाकडी गावात एक मांजर जुन्या विहिरीत पडले. ही विहीर पाण्याची राहिली नव्हती. तिच्यात शेण आणि बायोगॅसची स्लरी साठवली जात होती. मांजराला काढायला एक जण आत उतरला आणि वर आला नाही. त्याला काढायला दुसरा उतरला, मग तिसरा. अशा रीतीने पाच जणांनी प्राण गमावले. सहावा वाचला, कारण उतरताना त्याच्या कमरेला दोर बांधलेला होता. त्याच्या आदल्या वर्षी, मे २०२३ मध्ये, परभणी जिल्ह्यातील सोनपेठ तालुक्यात सेप्टिक टँक साफ करायला उतरलेले पाच मजूर असेच दगावले.

अशा बातम्यांत दोन शब्द हमखास येतात : ‘दुर्दैवी’ आणि ‘अपघात’. वाकडीत कोणी कोणाला मजुरीवर उतरवले नव्हते. तिथे माणसे एकमेकांच्या मायेपोटी गेली. सोनपेठची गोष्ट वेगळी आहे. तिथे ते काम होते, आणि काम असले की ते सांगणारा कोणीतरी असतो. सेप्टिक टँकमध्ये काय साठते, ते शरीराला काय करते आणि किती वेळात करते, हे वैद्यकशास्त्राला अनेक दशकांपासून माहीत आहे. कायद्यानेही ते मान्य केले आहे. एवढे माहीत असूनही माणूस आत उतरवला जातो, तेव्हा दैवाला बोल लावण्याआधी उतरवणाऱ्याला जाब विचारायला हवा.

आधी टाकीत काय घडते ते पाहू. संडासाचे पाणी टाकीत आले की जड मैला तळाशी बसतो, तेलकट भाग सायीसारखा वर तरंगतो आणि मधले पाणी पुढे शोषखड्ड्यात किंवा गटारात जाते. बंद टाकीत प्राणवायू जवळजवळ नसतो. अशा जागी वाढणारे जिवाणू मैला कुजवतात आणि त्यातून मिथेन, कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड हे वायू तयार होतात. यातला हायड्रोजन सल्फाइड सर्वांत घातक. तो हवेपेक्षा थोडा जड असल्याने तळाकडे साचून राहतो.

या वायूला कुजक्या अंड्यांसारखा वास येतो. हवेच्या दहा लाख भागांत त्याचा एक भागही नसताना नाकाला तो कळतो. म्हणूनच पुष्कळांना वाटते की धोका असेल तर वास येईलच. खरी फसगत इथेच आहे. हे प्रमाण १०० भागांच्या आसपास गेले की थोड्याच वेळात वास घेण्याची शक्ती बधिर होते. आत उतरलेल्या माणसाला वाटते, वास कमी झाला, म्हणजे गॅस निघून गेला. प्रत्यक्षात तो वाढलेला असतो. ५०० ते ७०० भाग झाले की माणूस काही मिनिटांत कोसळतो आणि त्याच्याही वर, हजाराच्या जवळ, एक-दोन श्वासांतच शुद्ध हरपते. ओरडायला, शिडी धरायला, मागे फिरायला वेळच मिळत नाही.

शरीरात हा वायू काय करतो? पेशी प्राणवायू वापरून ऊर्जा तयार करतात. त्या साखळीतील शेवटची कडी असलेले सायटोक्रोम ऑक्सिडेज नावाचे विकर हा वायू अडवून धरतो. सायनाइडचे विषही याच ठिकाणी घाव घालते. रक्तात प्राणवायू असतो, पण पेशींना तो वापरता येत नाही. मेंदूतील श्वसनाचे केंद्र बंद पडते आणि श्वास थांबतो. माणूस खाली मैल्यात पडला की तोच मैला फुप्फुसात जातो. नाकाला बांधलेला रुमाल किंवा साधा मास्क धूळ अडवतो, वायू अडवत नाही. बाहेरून शुद्ध हवा पुरवणारे श्वसनयंत्र असेल तरच संरक्षण मिळते.

‘झाकण रात्रभर उघडे ठेवले होते’ हा युक्तिवादही बहुतेक घटनांनंतर ऐकू येतो. झाकण उघडल्याने वरवरचा वायू जातो, हे खरे. पण बराचसा वायू गाळात आणि पाण्यात विरघळून, अडकून बसलेला असतो. सोड्याची बाटली शांत उभी असताना फेस दिसत नाही. हलवली की एकदम उसळतो. टाकीतही तसेच होते. पहिली बादली भरताना, फावड्याने गाळ ढवळताना वायू एकदम मोकळा होतो. म्हणजे उतरताना टाकी ठीक वाटली, तरी काम सुरू झाल्यावर ती ठीक राहील याची खात्री नाही.

विहिरीत कंदील सोडून पाहण्याची जुनी रीत खेड्यापाड्यांत अजून सांगितली जाते. दिवा विझला तर आत प्राणवायू कमी आहे एवढे त्यातून कळते. दिवा जळत राहिला तर मात्र काहीच सिद्ध होत नाही, कारण दिवा जळण्याइतका प्राणवायू असूनही हायड्रोजन सल्फाइड जीव घेऊ शकतो. शिवाय हवेत मिथेनचे प्रमाण ५ ते १५ टक्के असेल तर तोच दिवा स्फोट घडवू शकतो. प्राणवायूचा तुटवडा हे वेगळे संकट आहेच. बाहेरच्या हवेत तो २१ टक्के असतो; तो १० टक्क्यांच्या खाली गेला की दम लागल्याची पुरेशी जाणीव होण्याआधीच शुद्ध जाऊ शकते.

वाचवायला जाणारेही का मरतात, याचे उत्तर या शास्त्रात आहे. वरच्या माणसाला दिसते ते एवढेच की आतला माणूस चक्कर येऊन पडला. तो धावतो, घाईने खोल श्वास घेतो आणि त्याच वायूत सापडतो. २०१५ मध्ये केरळातील कोझिकोड येथे मॅनहोलमध्ये अडकलेल्या दोन कामगारांना काढायला रस्त्यावरचा एक रिक्षाचालक उतरला. त्या दोघांबरोबर तोही गेला. भाऊ, बाप, मुलगा, शेजारी एकामागोमाग एकाच टाकीत गेल्याच्या बातम्या येतात, त्यामागे हेच कारण आहे.

असा रुग्ण रुग्णालयात पोचतो तेव्हा डॉक्टरांच्या हाती फार थोडे उरलेले असते. या विषावर खात्रीचा उतारा नाही. प्राणवायू, कृत्रिम श्वास आणि रक्तदाब सांभाळणे एवढेच उपचार आहेत. शरीर हा वायू लवकर निकामी करते, म्हणून जो मिनिटभरात मोकळ्या हवेत आला तो सावरू शकतो. पण खोल टाकीतून बेशुद्ध माणूस मिनिटभरात काढायचा कोणी आणि कसा? अग्निशमन दलाचे जवान श्वसनयंत्र लावून पोचेपर्यंत वेळ निघून गेलेली असते. जे वाचतात त्यांतल्या काहींना फुप्फुसाचा गंभीर जंतुसंसर्ग होतो, काहींच्या मेंदूला कायमची इजा राहते. या आजारावरचा खरा इलाज माणसाला आत उतरू न देणे हाच आहे.

कायदा नेमके हेच सांगतो. हाताने मैला साफ करण्याच्या प्रथेला बंदी घालणारा पहिला केंद्रीय कायदा १९९३ चा. तो प्रामुख्याने कोरड्या संडासांपुरता होता. त्यानंतरचा २०१३ चा कायदा त्या वर्षीच्या ६ डिसेंबरपासून लागू झाला आणि त्याने गटारे व सेप्टिक टँकही कक्षेत घेतले. त्याच्या सातव्या कलमानुसार कोणतीही व्यक्ती, स्थानिक संस्था किंवा एजन्सी, प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष, कोणालाही गटाराच्या किंवा सेप्टिक टँकच्या धोकादायक सफाईसाठी कामाला लावू शकत नाही. पहिल्या गुन्ह्याला २ वर्षांपर्यंत कैद किंवा २ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा केल्यास ५ वर्षे आणि ५ लाखांपर्यंत. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. नियमांनी काही मोजके अपवाद ठेवले आहेत, पण त्यांतही संरक्षक साहित्य, वायूची तपासणी आणि देखरेख सक्तीची आहे.

यातले ‘कोणतीही व्यक्ती’ आणि ‘अप्रत्यक्ष’ हे शब्द नीट वाचावेत असे आहेत. नगरपालिका आणि ठेकेदार तर त्यात येतातच. पण नाक्यावरून दोन मजूर बोलावून ‘टाकी साफ करून द्या, किती घ्याल?’ असे विचारणारा बंगल्याचा मालक, हॉटेलचा व्यवस्थापक आणि गृहनिर्माण सोसायटीचा सचिवही त्यात येतो. डिसेंबर २०१९ मध्ये मुंबईत गोवंडी येथे एका खासगी इमारतीच्या सेप्टिक टँकमध्ये तीन कामगार मरण पावले. त्यांच्या विधवांना उच्च न्यायालयात जावे लागले आणि २०२१ मध्ये न्यायालयाने प्रत्येकी १० लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश राज्य सरकारला दिला. काम खासगी होते, म्हणून सरकारची जबाबदारी संपली असे न्यायालयाने मानले नाही.

या १० लाखांचा आधार सर्वोच्च न्यायालयाचा मार्च २०१४ चा निकाल होता. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याच न्यायालयाने ही रक्कम ३० लाख केली. कायमचे अपंगत्व येऊन कमावण्याची क्षमता गेली तर २० लाख आणि इतर अपंगत्वाला किमान १० लाख. जानेवारी २०२५ मध्ये मुंबईसह सहा महानगरांत माणसाकरवी गटारसफाई पूर्ण थांबवण्याचे आदेश झाले. म्हणजे कायदा आहे, निकाल आहेत, रक्कमही ठरलेली आहे. तरीही केंद्र सरकारने जुलै २०२३ मध्ये लोकसभेत सांगितलेल्या आकड्यांनुसार २०१८ पासून तोपर्यंत गटारे आणि सेप्टिक टँकच्या सफाईत ३३९ जण मरण पावले. पुढे २०२२ आणि २०२३ मधील ५४ मृत्यूंची सरकारने सामाजिक तपासणी करून घेतली. त्यांतल्या ४९ जणांच्या अंगावर संरक्षणाचे कोणतेही साधन नव्हते.

मग यंत्रे नाहीत का? आहेत. मैला शोषून घेणारी टँकर गाडी राज्यातील बहुतेक शहरांत भाड्याने मिळते. उच्च दाबाने पाणी मारून गाळ मोकळा करणाऱ्या जेटिंग गाड्या आहेत. हैदराबादने २०१७ मध्ये अरुंद गल्लीत शिरतील अशा लहान जेटिंग गाड्या आणल्या. तिरुअनंतपुरममध्ये २०१८ साली मॅनहोल साफ करणारा ‘बँडिकूट’ हा यंत्रमानव कामाला लागला. केंद्राची ‘नमस्ते’ योजनाही २०२३ पासून याच कामासाठी आहे. माणूस चंद्रावर यान उतरवू शकतो, पण टाकीतला गाळ काढू शकत नाही, असे म्हणण्यात तथ्य नाही.

तरीही माणूस उतरतो, त्याचे एक व्यवहारी कारण आहे आणि ते फारसे बोलले जात नाही. सेप्टिक टँक दर दोन-तीन वर्षांनी उपसायला हवी. आपल्याकडे ती तुंबल्याशिवाय कोणी उघडत नाही. दहा-बारा वर्षे न उपसलेल्या टाकीत तळाचा गाळ इतका घट्ट होतो की गाडीचा पाइप वरचे पाणी ओढतो आणि गाळ तसाच राहतो. मग गाडीवाला हात वर करतो, घरात घाण पाणी उलटे येऊ लागलेले असते, आणि कोणीतरी म्हणते, ‘माणूस उतरवल्याशिवाय व्हायचे नाही.’ त्या क्षणी गरज खरी वाटते. पण ती गरज दहा वर्षांच्या हयगयीतून तयार झालेली असते. त्यातच अनेक ठिकाणी टाकीवर फरशी घातलेली, स्वयंपाकघर वाढवलेले, झाकणाचा पत्ता नाही, अशी स्थिती. बांधकामाच्या वेळी वाचवलेली जागा पुढे कोणाच्या तरी जिवावर उठते.

यावर उपाय महाराष्ट्रातील दोन लहान शहरांनी करून दाखवला आहे. सातारा जिल्ह्यातील वाई आणि नाशिक जिल्ह्यातील सिन्नर या नगरपालिकांनी तुंबण्याची वाट न पाहता ठरलेल्या वेळापत्रकाने टाक्या उपसण्याची पद्धत सुरू केली. शहराचे भाग पाडायचे, गाडी घरोघर न्यायची आणि तीन वर्षांत प्रत्येक टाकी एकदा रिकामी करायची. नागरिकाने फोन करायचा नाही, ठेकेदाराशी घासाघीस करायची नाही. उपसलेला मैला ओढ्यात किंवा शेताच्या कडेला न ओतता प्रक्रिया केंद्रात जातो. गाळ घट्ट होण्याआधीच निघाला की माणूस उतरवण्याचा प्रसंगच येत नाही. कोट्यवधींचे यंत्रमानव घेण्याची ऐपत नसलेल्या नगरपालिकांनाही हे जमण्यासारखे आहे.

‘तो स्वतःच्या मर्जीने उतरला, पैसेही त्यानेच सांगितले,’ असा बचाव काम देणारे करतात. मर्जी तेव्हाच मर्जी असते, जेव्हा धोक्याची पूर्ण माहिती असते आणि नाही म्हणण्याची सोय असते. शस्त्रक्रियेआधी रुग्णाची संमती घेताना डॉक्टरला धोके सांगावेच लागतात. न सांगता घेतलेली सही कायद्यापुढे टिकत नाही. टाकीत उतरणाऱ्या मजुराला हायड्रोजन सल्फाइडबद्दल कोण सांगते? आणि रोजगाराच्या नाक्यावर दुपारपर्यंत काम न मिळालेला माणूस नाही कसे म्हणणार? या कामाला उतरणारे बहुतेक कोणत्या जातींतले असतात, हेही सर्वांना ठाऊक आहे. कोकणात कणकवलीला अप्पासाहेब पटवर्धनांनी सुधारित संडासांचे प्रयोग केले, ते माणसाच्या हातातून मैला सुटावा म्हणूनच. त्यानंतर संडास बदलले, मैला जमिनीखाली गेला. तो काढणारे हात मात्र त्याच वस्त्यांतून येत राहिले.

ठेकेदारीने यात भर घातली आहे. महाराष्ट्रात लाड-पागे समितीच्या शिफारशींनुसार कायम सफाई कामगाराच्या वारसाला नोकरी मिळते. पिढ्यानपिढ्या तेच काम गळ्यात पडते हा त्यातला दोष धरला, तरी निदान पगार, रजा आणि निवृत्तिवेतन तरी असते. ठेकेदाराच्या उपठेकेदाराने रोजंदारीवर आणलेल्या मजुराला यातले काहीच नसते. तो मेला की नगरपालिका ठेकेदाराकडे बोट दाखवते, ठेकेदार मुकादमाकडे आणि मुकादम ‘मी तर त्याला उतरू नको म्हणालो होतो’ असे सांगतो. कायद्यातील ‘अप्रत्यक्ष’ हा शब्द अशा हात झटकण्यासाठीच घातला गेला आहे. तो वापरायचा की नाही, हे पोलिसांवर अवलंबून आहे. अशा मृत्यूची नोंद केवळ अकस्मात मृत्यू म्हणून झाली तर प्रकरण तिथेच थंडावते.

रुग्णालयांचाही यात वाटा आहे. मृत्यूच्या कागदावर ‘गुदमरून’ किंवा ‘बुडून’ एवढेच लिहिले गेले, तर भरपाईसाठी हेलपाटे घालणाऱ्या कुटुंबाच्या हाती काहीच राहत नाही. रुग्ण कुठून आणला, तो कोणते काम करत होता, टाकी कोणाची होती, बरोबर किती जण होते, अंगावर कोणते साधन होते, हे केसपेपरवर पहिल्या तासातच लिहिले जायला हवे. अंगावरची चांदी काळवंडली असेल तर तेही नोंदवावे. हायड्रोजन सल्फाइडचा तो एक माग असतो. या नोंदींना दोन मिनिटे लागतात, आणि पुढे न्यायालयात त्याच उपयोगी पडतात.

नगरपालिकेने आपल्या हद्दीतील सेप्टिक टँकची यादी करावी, प्रत्येक टाकी शेवटची कधी उपसली ते नोंदवावे आणि मैला गाडीचा दर व दूरध्वनी क्रमांक वॉर्डात लावावा. गाडी वेळेवर आणि परवडेल अशा दरात मिळाली नाही, तर लोक नाक्यावरच जाणार. नव्या इमारतीला परवानगी देताना टाकीपर्यंत गाडीचा पाइप पोचतो का, झाकण मोकळे आहे का, हे पाहावे.

सोसायट्यांनी आपल्या वार्षिक सभेत एवढे तीनच प्रश्न घ्यावेत : आपली टाकी कुठे आहे, शेवटची कधी उपसली, आणि पुढची तारीख कोणती? उत्तरे इतिवृत्तात लिहावीत. टाकी उपसायला आलेल्या गाडीवाल्याने ‘माणूस उतरवावा लागेल’ म्हटले, तर काम तिथेच थांबवून नगरपालिकेला लेखी कळवावे. चार दिवस गैरसोय होईल, ती सोसावी. आणि दुर्दैवाने कोणी आत पडलेच, तर दुसऱ्या कोणालाही उतरू देऊ नये. अग्निशमन दलाला १०१ वर आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ वर फोन करावा, शक्य असेल तर पंख्याने किंवा ब्लोअरने आत हवा सोडावी, आणि बाहेरूनच दोर टाकून काही करता येते का ते पाहावे. हे माहीत असते तर कितीतरी घरांतले दुसरे आणि तिसरे मृत्यू टळले असते.

उच्च न्यायालयाने भरपाई द्यायला लावली, सर्वोच्च न्यायालयाने ती तिप्पट केली, हे योग्यच झाले. पण भरपाई माणूस गेल्यावर मिळते. त्याआधी, काम सांगितले जाते त्या क्षणी, तिथे न्यायाधीश नसतो, डॉक्टर नसतो, पोलीसही नसतो. तिथे असतात फक्त दोन माणसे : एक टाकीचा मालक आणि एक मजूर. त्या दोघांपैकी ज्याला ‘उतरू नकोस’ असे म्हणणे परवडते, त्याने ते म्हणायला हवे.